मुन्शी आणि परमुलखातला मजूर

गांधीजी 1936 साली सेवाग्रामला राहायला आले, हे वर्धेकरांना सांगायला नको. पण वकील गांधी आपल्या कारकुनावर कसे विसंबून होते, ते 1894 च्या डर्बनमध्ये दिसतं. मालकाच्या मारानं पुढचे दोन दात तुटलेला गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, बालसुंदरम त्यांच्याकडे आला. तो तमिळ, कारकूनही तमिळ. हकिकत कळली ती कारकुनाकडूनच. पुढचं काम मात्र वकिलाचं: डॉक्टरचा दाखला, न्यायाधीशापुढे प्रतिज्ञापत्र आणि मालकाच्या शिक्षेमागे न लागता करार दुसऱ्याकडे बदलून घेणं.

आज देवळीच्या कारखान्यातल्या परप्रांतीय मजुराची मजुरी थकली, तर वकिलाआधी त्याला मुन्शीच, म्हणजे वकिलाचा कारकूनच, भेटणार. मुन्शीच कायदा सांगू लागला तर? शंका रास्त आहे. 1961 च्या अधिवक्ता कायद्यानं वकिली वकिलाचीच. पण ठेकेदार कोण, हजेरी किती, उचल किती घेतली, हे मजुराच्या बोलीत विचारून टिपणं म्हणजे सल्ला नव्हे. वकिलानं ते टिपण मजुरासमोर वाचून घ्यावं, मगच अर्ज करावा. फी झेपत नसेल, तर 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो.