लेबलवर ‘स्मेल’ नको!
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



सरसच्या स्टॉलवर आपण बोलून माल विकतो. पण पाकीट मुंबईच्या दुकानात गेलं की आपल्या वतीने लेबलच बोलतं. म्हणून आज वासाच्या इंग्रजी शब्दांबद्दल थोडं सांगते.

आपण म्हणतो खोबरं खवट, पीठ कुबट, भाजणी खमंग, सुरंगीचा सुवास. शब्दावरूनच सगळं कळतं. इंग्रजीतही तसंच आहे. ‘स्मेल’ म्हणजे नुसता वास, पण पुढे चांगला-वाईट लिहिलं नाही तर लोक बहुतेक वाईटच धरतात. ‘ओडर’ म्हटलं की घाम नाहीतर गटार आठवतं. ‘अरोमा’ खाण्यापिण्याचा: मसाला, कॉफी, पिकलेला हापूस. ‘फ्रॅग्रन्स’ फुलांचा, साबणाचा, अगरबत्तीचा. मसाल्यावर ‘फ्रॅग्रन्स’ छापलं तर साबणाची आठवण व्हायची!

सगळ्यात जपायचं ते ‘फ्लेवर’ला. त्यात चव आणि वास दोन्ही येतात. पण ‘मँगो फ्लेवर’ वाचलं की गिऱ्हाईकाला वाटतं, आत आंबा नाही, इसेन्स आहे. आपण खरा रस उन्हात वाळवून आंबापोळी करायची आणि एका शब्दाने ती नकली ठरवायची? तिथे ‘हापूसच्या रसापासून’ असं सरळ लिहा. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव आपणच हलकं का करावं?

तेव्हा लेबल छापायला देण्याआधी गटात बसून एकदा मोठ्याने वाचा. हजार पाकिटं छापून झाल्यावर शब्द बदलता येत नाही.