'चेक' म्हणजे नुसतं बघणं नाही!

आज एकच शब्द घेऊ: चेक. "मेल चेक कर", "बॅलन्स चेक केलास का?", "चेक करून सांगतो". यातलं शेवटचं वाक्य आपण बहुतेक वेळा न सांगण्यासाठीच वापरतो, ते सोडा.

माझ्या पहिल्या नोकरीत या शब्दाने मला चांगलंच अडकवलं. सरांचा मेल आला, कुरिअरचा खर्च 'कीप इन चेक'. मी दर शनिवारी बिलं उघडून बघायचो आणि उत्तर द्यायचो, "येस सर, चेक्ड." महिनाअखेरीस खर्च वाढलेला! सर म्हणाले, "अरे, खर्च बघायला नाही, आवरायला सांगितला होता तुला." माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं.

झालं काय होतं? चेकचा 'तपासणे' हा अर्थ नंतरचा. आधीचा अर्थ रोखणे, आवर घालणे. आणि त्याच्याही आधी? बुद्धिबळ! फारसीत शाह म्हणजे राजा. राजावर हल्ला झाला की "शाह!" असा इशारा द्यायचा. हा शब्द अरबीतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये, तिथून जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि इंग्रजीत येईपर्यंत त्याचा 'चेक' झाला. शह बसला की राजाला मनासारखी चाल करता येत नाही. म्हणून चेक म्हणजे अडवणं. मग अडवून खात्री करणं, म्हणजे तपासणं.

आता गंमत बघा. आपण मराठीत काय म्हणतो? शह! तोच फारसी शाह, फक्त जवळच्या रस्त्याने आलेला. म्हणजे 'शह-काटशह'मधला शह आणि 'मेल चेक कर'मधला चेक ही सख्खी भावंडं. चेकमेट म्हणजे 'शाह मात', आणि 'संकटावर मात केली' यातली मातही तीच.

चेक्सचा शर्टही याच घरातला, पटावरच्या चौकटींवरून. बँकेचा चेकसुद्धा. कागदात कोणी खाडाखोड करू नये म्हणून मागे ठेवलेल्या तुकड्याला आधी चेक म्हणायचे.

म्हणून कुठे 'अनचेक्ड' वाचलंत तर लगेच 'न तपासलेलं' समजू नका. 'अनचेक्ड पॉवर' म्हणजे बेलगाम सत्ता. नागरिकशास्त्रातले 'चेक्स अँड बॅलन्सेस' म्हणजे सत्तेला घातलेले लगाम.

पुढच्या भागासाठी एखादा शब्द सुचवा. मी चेक करून सांगतो. खरंच सांगतो!