झीज जाते कोठे?



वसंतातल्या या व्याख्यानांत राजकारण, वाङ्मय, तत्त्वज्ञान हे मानाचे विषय. त्यांच्या पंगतीला आज मी केर काढणारे एक यंत्र आणून बसवीत आहे. पण ज्या यंत्रासाठी मध्यम स्थितीतले कुटुंब विचार करून, खर्चाची जुळवाजुळव करून पैसे मोजते, त्याविषयी चार शब्द बोलणे अगदीच अस्थानी ठरू नये. दुकानात गेले की विक्रेता हल्ली सांगतो, "ही ब्रशलेस मोटर आहे, हिला झीजच नाही." या वाक्यात खरे किती आणि अर्धवट किती, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम यंत्राचे काम पाहू. व्हॅक्यूम क्लीनर केर ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः त्यातला पंखा आतली हवा बाहेर फेकतो. आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा धुळीसकट आत धाव घेते. इंग्लंडात ह्यूबर्ट सेसिल बूथ याने १९०१ साली असे यंत्र केले, तेव्हा ते घोडे जुंपून दारापर्यंत आणावे लागे व लांब नळ्या खिडकीतून आत सोडाव्या लागत. ते घरात नेण्याजोगे केले ते अमेरिकेतल्या कँटन गावच्या जेम्स मरी स्पँग्लर याने. हा एका इमारतीत झाडलोटीचे काम करी आणि त्याला दम्याचा विकार होता. १९०७ साली त्याने पंख्याची मोटर, साबणाचे खोके, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा यांची जुळणी केली. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले आणि पुढे ते हूव्हर यांच्याकडे गेले.

आता कोणी विचारील, की आपल्या छताच्या जुन्या पंख्यालाही ब्रश नसतात, मग तीच मोटर येथे का चालू नये? याचे उत्तर वेगात आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. तिच्यावर थेट चालणारी पंख्याच्या जातीची मोटर मिनिटाला ३,००० फेऱ्यांपलीकडे जाऊच शकत नाही. हातात धरावयाच्या यंत्रातल्या चिमुकल्या पंख्याला मात्र वीस-तीस हजार फेरे हवेत. तेवढा वेग देणारी स्वस्त मोटर म्हणजे ब्रशची. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये तीच असते. "मिक्सरचे कार्बन गेले" हे वाक्य ऐकले नाही असे घर विरळाच.

या मोटरीत तारांची वेटोळी फिरत्या भागावर असतात. त्यांतल्या प्रवाहाची दिशा योग्य क्षणी पालटली नाही, तर मोटर जागीच थबकेल. ही पालट करणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांच्या चाकाला कम्युटेटर किंवा दिक्परिवर्तक म्हणतात. त्यावर स्प्रिंगने दाबून धरलेले कोळशाचे दोन तुकडे घासत राहतात. पूर्वी त्यांच्या जागी तांब्याच्या तारांचे झुबके असत, म्हणून ब्रश हे नाव पडले. घर्षण आले की उष्णता, ठिणग्या, आवाज आणि झीज ही भावंडे मागोमाग येतात.

ब्रशलेस मोटरीत ही रचना उलटी केली आहे. लोहचुंबक फिरतो, वेटोळी स्थिर राहतात आणि प्रवाहाची पालट इलेक्ट्रॉनिक मंडल करते. विल्सन आणि ट्रिकी या दोघा अभियंत्यांनी अशा मोटरीची मांडणी १९६२ साली प्रसिद्ध केली. पुढे १९८० नंतरच्या दशकात निओडिमियमचे प्रबळ चुंबक आले आणि मोटर मुठीएवढी झाली. २०१८ साली डायसन कंपनीने बाजारात आणलेल्या बिनतारी यंत्रातील अशी मोटर मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत जाते. विजेचा अपव्यय तिच्यात कमी होतो. बॅटरीवरच्या यंत्रात थेंबाथेंबाने वीज वापरावयाची असल्यामुळे तेथे तिचे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे.

मग आक्षेप कशाला? आक्षेप मोटरीला नाही, "झीजच नाही" या बोलण्याला आहे. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमाने अशी अट घातली, की १ सप्टेंबर २०१७ पासून व्हॅक्यूम क्लीनरची मोटर निदान ५०० तास टिकलीच पाहिजे. आठवड्याला एक तास यंत्र चालविणाऱ्या घरात ५०० तास म्हणजे साडेनऊ वर्षे होतात! म्हणजे बेताने वापरणाऱ्या घरात जुन्या मोटरीचा कोळसाही लवकर संपत नाही. आणि संपला तरी, मोटर उघडता येण्याजोगी असेल, तर पेठेतला कारागीर थोडक्या पैशांत नवी जोडी बसवून देतो. ठिणग्या वाढल्या, जळका वास आला, की लगेच जावे. उशीर केल्यास तांब्याच्या पट्ट्याच खराब होतात.

ब्रशलेस यंत्रात झीज नाहीशी होत नाही, ती घर बदलते. लिथियमची बॅटरी काहीशे वेळा भरली-उपसली, की तिची धारणाशक्ती उतरू लागते. मंडलातला एखादा घटक जळला, तर बहुधा सबंध पट्टीच बदलावी लागते. त्या दोन वस्तू मिळाल्या नाहीत, तर न झिजलेली मोटर तशीच भंगारात जाते. जुन्या रचनेत झीज एका स्वस्त तुकड्यावर मुद्दाम सोपविलेली होती. नव्या रचनेत ती महागड्या भागांवर गेली आहे, हे गिऱ्हाइकाने ओळखून असावे.

तेव्हा तारेचे यंत्र आठवड्यातून एकदोनदा वापरणाऱ्याने केवळ नावासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. बिनतारी यंत्र हवे असेल, तर ब्रशलेसच घ्यावे. पण दुकानात तीन प्रश्न विचारावेत : बॅटरी घरच्या घरी काढता येते काय? तिची आजची किंमत काय? आणि मंडलाची पट्टी सुटी मिळते काय? आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले आहे. परंतु हक्क कागदावरून घरात येतो तो मागणाऱ्यामुळेच. शंभर गिऱ्हाइकांनी हे तीन प्रश्न विचारले, की एकशेएकाव्यासाठी उत्तरे तयार ठेवणे विक्रेत्याला भाग पडेल. यंत्राची मोटर कोणतीही असो, ते दुरुस्त करण्याची वाट मोकळी असली पाहिजे, एवढाच आग्रह आपण सर्वांनी धरावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.