डिझेल जातं कुठं?



दोन ट्रकवाले ढाब्यावर भेटले की घरची ख्यालीखुशाली नंतर, आधी प्रश्न येतो, "किती अ‍ॅव्हरेज पडतंय?" एक म्हणतो साडेचार. दुसऱ्याला चारच पडत असतात, आणि त्याचं जेवणावरचं लक्ष उडतं. उडणारच. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. भरलेल्या दहाचाकी गाडीला चारच्या हिशेबानं १७५ लिटर लागतात, साडेचारच्या हिशेबानं १५६. एका खेपेला एकोणीस लिटरचा फरक. मग संशय नोझलवर, पंपावर, नाहीतर क्लीनरवर. माझं म्हणणं असं, की पहिला संशय ब्रेकवर घ्यावा.

साडेअठरा टनांची भरलेली सहाचाकी गाडी शून्यापासून ताशी ६० च्या वेगाला न्यायची, तर नुसत्या त्या वेगासाठी सुमारे २०० मिलिलिटर डिझेल जळतं. ब्रेक दाबून गाडी उभी केलीत, की त्या सगळ्याची ड्रममध्ये उष्णता होते आणि वाऱ्यावर जाते. दोन-तीन कटिंग चहाइतकं डिझेल तुम्ही रस्त्यावर ओतलंत म्हणा ना. शंभर-दीडशे किलोमीटरच्या गर्दीच्या रस्त्यावर असं किती वेळा होतं, ते ज्यानं त्यानं मोजावं. म्हणून चांगला ड्रायव्हर मी त्याला म्हणतो, ज्याचा पाय टोलनाका किंवा गतिरोधक लांबून दिसताच अ‍ॅक्सिलेटरवरून उठतो. गाडी आपल्या जोरावर पुढं येते, आणि नाक्याशी पोचेपर्यंत ब्रेकला फारसं काम उरत नाही. मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू दे.

सरकारनं २०१७ साली बारा टनांवरच्या गाड्यांसाठी इंधनवापराचे निकष जाहीर केले. त्यातल्या चाचणीत ट्रक ताशी ४० आणि ६० अशा एकसारख्या वेगानं चालवून डिझेल मोजतात. तिथं ना सिग्नल, ना आडवी येणारी म्हैस. कागदावरचा आकडा रस्त्यावर पडत नाही, त्यात आश्चर्य कसलं?

वेगाचं गणितही असंच निर्दय आहे. ताशी ६० वरून ८० वर गेलात, तर वाऱ्याचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. त्यात ताडपत्री सैल बांधलेली आणि फडफडत असली की बघायलाच नको. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, म्हणजे पीसीआरए, वर्षानुवर्षं ४५ ते ५५ चा वेग ठेवा असं सांगत आली आहे. समृद्धीसारख्या रस्त्यावर तो वेग फारच कमी वाटेल, हे मान्य. पण डावीकडच्या लेनमधून साठ-पासष्टनं एकसारखं जायला कोण अडवतं? ८० च्या तुलनेत नागपूरला दोन-तीन तास उशीर होईल. ते तास बहुधा माल उतरवायच्या रांगेत जाणारच असतात.

आता उताराकडे येऊ. घाटात गाडी न्यूट्रलवर सोडली की डिझेल वाचतं, असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. अगदी हलक्या उतारावर न्यूट्रलमधली गाडी जरा लांबवर घरंगळते, त्यावरून हा समज झाला असावा. पण खंबाटकी किंवा कसाऱ्याचा घाट हा काही हलका उतार नव्हे. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलेटर सोडला, की चाकंच इंजिनाला फिरवतात. जुना पंप असो की नवी कॉमन रेल, अशा वेळी डिझेलचा पुरवठा बंद होतो. शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःपुरतं चालू राहायला डिझेल लागतंच. म्हणजे वाचवायला गेलात आणि खर्च केलात. शिवाय इंजिन जी गाडी फुकट धरून ठेवत होतं, तिचा सगळा भार आता ब्रेकवर. ड्रम तापतात, लायनरची पकड जाते. त्यातून एखादा किल्लीच बंद करतो. तसं केलं की कॉम्प्रेसर थांबतो, ब्रेकच्या प्रत्येक दाबासरशी टाकीतली हवा कमी होते आणि स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अपघातांसाठी का गाजतो, हे वेगळं सांगायला नको.

गॅरेजमध्ये गेल्यावर जुन्या गाडीचे मालक हमखास म्हणतात, "जरा पंप वाढवून दे, पिकअप नाही." मिस्त्री वाढवून देतो. गाडी पळते आणि मागं काळा धूर सोडते. तो धूर म्हणजे पुरेशी हवा न मिळालेलं डिझेल, तुमच्या पैशांचं. पिकअप गेला असेल तर आधी हवेचा मार्ग तपासा. एअर फिल्टर चोंदलाय का, टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा पाइप चिरलाय का, क्लिप ढिली आहे का. मग टॅपेटची गॅप, नोझल टेस्टरवर, आणि पंप कॅलिब्रेशनच्या बेंचवर. कानानं ऐकून नव्हे. आणखी एक खोड. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतात. मग इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त पितं आणि लवकर झिजतं. दोष बहुधा रेडिएटरमध्ये साचलेल्या गाळाचा असतो.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत हे पंप वाढवणं संपलं. तिथं लॅपटॉप घेऊन रिमॅप करून देणारे आलेत. त्यांच्यापासून चार हात लांब राहावं. त्या इंजिनाचं डिझेल, हवा, युरियाचं द्रावण आणि धुराचा फिल्टर हे सगळं एकमेकांशी बांधलेलं असतं. एक सूत ओढलं की दुसरीकडे उसवतं.

डिझेल कमी हवेच्या टायरांतही जातं. टायर लोखंडी गजानं ठोकून बघायची आपली जुनी पद्धत. ठोकून पंक्चर कळतं; जोडीतल्या आतल्या टायरात वीस पौंड हवा कमी आहे, हे कळत नाही. त्याला गेजच लागतं, तेही गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना.

आणि मालक मंडळी, तुम्हालाही थोडं. खेपेला डिझेल ठरवून द्यायचं आणि उरेल ते ड्रायव्हरचं, अशी बोली पुष्कळ ठिकाणी असते. बोली वाईट नाही. पण फोनवरून "सकाळी सातला पोच" म्हणायचं आणि डिझेल मात्र साठच्या वेगाचं मोजून द्यायचं, तर तो बिचारा न्यूट्रलच मारणार. हिशेब टाकी फुल ते टाकी फुल असा करा, शक्यतो एकाच पंपावर. आणि परतीची गाडी रिकामी आली असेल, तर ती खेप वेगळी लिहा. एका ड्रायव्हरची भरलेली खेप आणि दुसऱ्याची रिकामी खेप शेजारी शेजारी ठेवून पहिल्याला बोलणी घालणारे मालक मी पाहिले आहेत.