‘सोबत’ आणि ‘विथ’ : दोन कामांना जोडणारा शब्द



1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा राजुरा आणि किनवट तालुके मुंबई राज्यात गेले. आदिलाबाद जिल्ह्यातली इतर अनेक मराठी गावे आंध्र प्रदेशात राहिली; 2014 पासून ती तेलंगणात आहेत. इथले मूल घरी मराठी, बाजारात तेलुगू बोलते आणि नोकरीचा अर्ज इंग्रजीत लिहिते. त्या अर्जातल्या एका छोट्या शब्दाविषयी आज बोलायचे आहे.

आपले अनेक विद्यार्थी शेतात राबून शिकतात. ‘मी शेतीसोबत शिक्षण घेतो’ हे वाक्य घ्या. ‘सोबत’ शेतीला चिकटले आहे. म्हणून शेती जोडीला आणि शिक्षण मुख्य. हेच वाक्य शब्दांच्या क्रमाने इंग्रजीत नेले की होते, ‘आय डू फार्मिंग विथ स्टडीज’. इथे ‘विथ’ शिक्षणाला चिकटले. शेती मुख्य झाली आणि शिक्षण जोडीला गेले. व्याकरणाची चूक दिसत नाही, पण अर्ज वाचणाऱ्यासमोर वेगळाच उमेदवार उभा राहतो.

कारण साधे आहे. आपली शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून येतात. तेलुगूतले ‘तो पाटु’ही मागूनच येते. इंग्रजी शब्द मात्र नामाच्या आधी येतो. म्हणून ‘सोबत’ ज्या नामाला लागले आहे, त्याच नामाच्या आधी ‘विथ’ ठेवावे : ‘आय कम्बाइन माय स्टडीज विथ फार्मिंग’. क्रम उलटतो, नाते टिकते. दोन्ही कामे समान मानायची असतील, तर ‘कम्बाइन’नंतर ‘अँड’ही चालते, ‘टू’ मात्र चालत नाही.

प्रत्येक जोडीला ‘विथ’ लागतेच असेही नाही. सकाळी कॉलेज आणि दुपारी शेत, असा वेळ वाटला जात असेल तर ‘डिव्हाइड’ आणि त्यामागून ‘बिटवीन’. ‘कापूस वेचता वेचता कविता पाठ केली’ यात दोन क्रिया एकाच वेळी घडतात. तिथे ‘व्हाइल पिकिंग कॉटन’ म्हणावे. ‘शेती सांभाळून शिकलो’ यातल्या ‘सांभाळून’मध्ये जबाबदारी आहे. ती एका इंग्रजी अव्ययात मावत नाही. तिच्यासाठी वेगळे क्रियापद घ्यावे लागते.

उलट बाजूही पाहा. आपण ‘कापसात तूर पेरली’ म्हणतो. आपल्याला तूर कापसाच्या ओळींमध्ये दिसते, म्हणून ‘त’ प्रत्यय येतो. इंग्रजीत आंतरपिकाच्या क्रियापदाला ‘विथ’ लागते. शेत तेच, पीकही तेच. पाहण्याची रीत निराळी.

अध्यापकांना माझी विनंती आहे. अव्ययांची यादी पाठ करून घेण्याआधी मुलांना मराठीत तीन प्रश्न विचारावेत. यातले मुख्य काम कोणते? दोन्ही कामे एका वेळी होतात की आळीपाळीने? एकामुळे दुसरे होते का? उत्तरे मराठीत स्पष्ट झाली, तर इंग्रजी शब्द शोधणे अवघड राहत नाही. मातृभाषेत वाक्य नीट उकलणे हा इंग्रजीच्या वाटेवरचा अडथळा नव्हे. तीच पहिली पायरी आहे.

शेतात राबणे ही लपवायची गोष्ट नाही. ती अर्जात आपल्या जागी, आपल्या वजनाने लिहिता आली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे.