वाहन मोडीत, लाभ कोणाला?

(मारतहळ्ळी, बंगळूरु येथील व्याख्यानाचा संक्षेप)



मारतहळ्ळीच्या बाह्य वळण रस्त्यावर आलिशान मोटारीशेजारीच जुना मालवाहू टेम्पो उभा दिसतो. जुने वाहन मोडीत काढण्याचे प्रोत्साहन या दोघांच्या मालकांना सारखेच लाभते काय?

केंद्राच्या २०२१ च्या धोरणानुसार नोंदणीकृत केंद्रात वाहन मोडीत दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते. त्याआधारे नव्या वाहनाचे नोंदणी शुल्क माफ होते. राज्ये मोटार वाहन करात खासगी वाहनास २५, तर व्यावसायिक वाहनास १५ टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकतात. कर्नाटकात मोटारीचा आजीवन कर किमतीनुसार चढत जातो. साहजिकच महाग मोटार घेणाऱ्याची सवलतही मोठी ठरते. उलट, टेम्पोमालक बहुधा दुसरा वापरलेलाच टेम्पो घेतो. त्याच्या पदरी केवळ भंगाराचे मोल पडते. मग तो वाहन मोडीत का काढील? प्रमाणपत्र हस्तांतरणीय असल्याची तरतूद म्हणूनच महत्त्वाची आहे. ते विकून त्याला सवलतीचा वाटा मिळू शकतो.

अमेरिकेने २००९ मध्ये अशा योजनेवर सुमारे ३ अब्ज डॉलर खर्च केले. विक्री वाढली, परंतु बरीचशी खरेदी केवळ काही महिने आधी झाली, असे नंतरच्या अभ्यासांत आढळले.

तात्पर्य, अशा योजनेचे यश विकल्या गेलेल्या मोटारींवरून नव्हे, तर रस्त्यावरून हटलेल्या प्रदूषक वाहनांवरून मोजले पाहिजे.