पंगतीतले धाडस

(अंबड येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



अंबडला बैठक म्हटली की आम्हाला गंमत वाटते. जिथे नांगर चालत होते तिथे कारखाने उभे राहिले आणि शेतीवर बोलायला आम्ही तिथेच जमलो! असो. आज बोलायचे आहे ते धाडसाबद्दल. व्यासपीठावरच्या नव्हे, तिथे आम्ही सगळेच वाघ. माईक हातात आला की दिल्लीला दम देतो, आणि घरी गेल्यावर चुलत्यासमोर तोंडातून शब्द फुटत नाही.

गाडगेबाबांचे पाहा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेले परिटाचे पोर, नाव डेबूजी. बाप दारूपायी गेला. पोराने मामाकडे गुरे राखली, मामाचे शेत कसले. मामाला अक्षरओळख नव्हती. सावकाराच्या कागदावर अंगठा उठला आणि जमीन गेली. सावकार ताबा घ्यायला बांधावर आला तेव्हा डेबूजी औत सोडून हलला नाही. असली गोष्ट सांगितली की आपण टाळ्या वाजवतो.

पण त्याने दुसरेही एक केले, त्याला टाळ्या पडत नाहीत. मुलीचे बारसे होते. जातीच्या रिवाजाप्रमाणे पंगतीला दारू आणि मटण हवे. डेबूजीने गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रागावले. आता तुम्हीच सांगा, यातले अवघड कोणते? सावकार एकच असतो, तो परका असतो आणि त्याच्याशी भांडलात तर गाव तुमच्या बाजूने असते. पंगतीला बसलेले सगळे आपलेच! आपल्या माणसाने तोंड वाकडे केले की भल्याभल्यांचे पाणी होते.

१९०५ साली बाबांनी घर सोडले. पुढे कीर्तन करू लागले. शाळा पाहिली नव्हती, पण बोलण्याची रीत अशी की उपदेश करायचाच नाही, नुसते विचारायचे. नवसाला बोकड का? कर्ज काढून सण का? ज्याने कर्ज काढले त्याच्याच तोंडून उत्तर वदवायचे, आणि तो हसता हसता ओशाळायचा. देवावर श्रद्धा होती. पण पंढरपुरात बाबांचा हात झाडूवर असे. आपल्या नाशकात त्यांची धर्मशाळा आहे. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले तेव्हा स्वतःच्या मालकीचे म्हणावे असे गाडगे, काठी आणि चिंध्यांचा अंगरखा.

आणि आम्ही? भाव पडला की रस्त्यावर उतरतो, त्याची लाज नाही. पण आमच्याच घरी तेराव्याला तीनशे पाने उठली ती उसनवारीवर. आई म्हणत होती, घरच्यापुरते करा. आम्ही म्हणालो, लोक काय म्हणतील! ते लोक जेवून गेले. उसने आम्ही दोन हंगाम फेडत बसलो, आणि त्या काळात आईने ती गोष्ट एकदाही काढली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

बैठकीनंतर चहा आहे. यंदा कुणाच्या घरी लग्न आहे, हे आम्ही तिथे एकेकाला विचारणार आहोत. मायबहिणींनी आधी बोलावे.